पोस्टरवर कोण?

बाळकुम, ठाणे
५ ऑक्टोबर २०२५

बाई, नमस्कार.

फोनवर तुम्हाला नीट ऐकू येत नाही आणि मेसेज केला की तुम्ही नुसतं 'बरं' लिहून पाठवता, म्हणून परत कागदच काढलाय. हॉस्टेलवरून लिहायचे तसा. अक्षर तेव्हाही घाणेरडंच होतं, सांभाळून घ्या.

बातमी अशी की मी ठाण्याच्या टीममध्ये सिलेक्ट झाले! मुलींची नवी बास्केटबॉल लीग सुरू होतेय, सहा शहरांची. आमची पहिली मॅच आठ नोव्हेंबरला, इथेच ठाण्यात. तुम्ही यायचंय. नाही चालणार नाही.

आता दुसरी गोष्ट. लीगच्या जाहिरातीचं बघणारा एक साकेत म्हणून आहे, डोंबिवलीचा. तो म्हणतो, लीगला एक चेहरा लागतो. म्हणजे बसवर, रिक्षांच्या मागे, स्टेशनवर एकाच मुलीचा फोटो. स्पॉन्सरने एकाच वर्षाची सही केलीये. हॉल भरले तर पुढचं वर्ष, नाहीतर लीग बंद आणि आम्ही सगळ्या घरी. म्हणून चेहरा बरोबर निवडायचा. दोन नावं आहेत, मी आणि चित्रा. चित्रा आमच्याच टीमची, कळव्याची. कॅमेरा सुरू झाला की ती फुलते आणि माझा दगड होतो. प्रॅक्टिस मॅचेसमध्ये सगळ्यात जास्त पॉइंट्स माझे आहेत, तरी साकेत म्हणतो, "पॉइंट्स पेपरात छापतात गं, पोस्टरवर नाही. तुझी काही स्टोरी आहे का?"

खरं सांगू? मला हवंय ते पोस्टर. बाळकुम नाक्यावर माझा फोटो लागला तर काही लोकांना तो रोज बघावा लागेल, त्यासाठी तरी हवंय.

साकेतने तुमचा पत्ता घेतलाय. आला तर खेळाचंच सांगा हं बाई. बाकीचं नको.

तुमची,
करिश्मा


ठाकुर्ली
१० ऑक्टोबर २०२५

चि. करिश्मा हिस अनेक आशीर्वाद.

पत्र मिळाले. दोनदा वाचले, मग शेजारच्या अंतराला वाचून दाखवले. आठ तारखेला मी येणार, आणि एकटी येणार नाही.

साकेत परवाच येऊन गेला. मुलगा गुणी आहे. दोन वेळा पोहे घेतले आणि माझ्या उजव्या कानाच्या बाजूला स्वतःहून बसला. चेहऱ्याबद्दल तू लिहिलेस ते त्यानेही सांगितले. मला आमची रतन आठवली. आम्ही जिल्ह्याकडून एकत्र खेळायचो. बास्केट माझ्या जास्त व्हायच्या, पण वर्तमानपत्रात फोटो नेहमी रतनचा. मला फार राग यायचा. पुष्कळ वर्षांनी माझ्या लक्षात आले. चेंडू जाळीत पडला की मी मान खाली घालून मागे पळायचे, बचावाला. रतन मात्र क्षणभर लोकांकडे बघायची, जणू ती बास्केट त्यांनीच केली. लोकांना ते आवडायचे. त्यात तिचा खोटेपणा नव्हता, स्वभावच तसा होता. तो तुझा नाही, हे मला ठाऊक आहे.

म्हणूनच मी साकेतला सगळे सांगितले. तू खेळाचेच सांगा म्हणालीस, पण तू संकोची, स्वतःहून कधी बोलणार नाहीस. आठवीत शाळेचे काळे बूट काढून तू सिमेंटच्या कोर्टवर अनवाणी खेळायचीस, तळपायांना फोड यायचे. खेळाचे बूट का नाहीत विचारले, तर खाली बघून म्हणालीस, "घरचे घेणार नाहीत." तुझी आजी संमतिपत्रावर अंगठा द्यायला आली होती, काष्ट्याचे लुगडे, पायात काही नाही. मी त्याच शनिवारी गोखले रोडवरून तुझ्यासाठी बूट आणले. हे ऐकताना साकेतने लिहिणे थांबवले. म्हणाला, "मॅम, हीच तर लीग आहे."

पोस्टर तुझेच होणार, बघ.

शुभदाबाई


ठाणे
१४ ऑक्टोबर २०२५

बाई, नमस्कार.

तुमचं बरोबर निघालं. साकेतने मीटिंगमध्ये तुमची गोष्ट सांगितली आणि स्पॉन्सरच्या एका मॅडमच्या डोळ्यांत पाणी आलं म्हणे. पोस्टर माझं. ओळ पण ठरली आहे, 'अनवाणी निघाली, आकाशाला भिडली'. दिवाळीनंतर शूटिंग आहे. त्यांना एक पत्र्याचं घर हवंय, शोधतायत.

चित्राने मिठी मारून काँग्रॅट्स केलं. प्रॅक्टिस रोज दोन वेळा आहे, गुडघा ठीक आहे. जास्त लिहीत नाही, दमलेय.

करिश्मा


ठाकुर्ली
१७ ऑक्टोबर २०२५, वसुबारस

चि. करिश्मा हिस अनेक आशीर्वाद.

तुझे पत्र इतके आखूड आणि कोरडे की मी पाठीमागे काही लिहिले आहे का ते उलटून पाहिले. मग कारण लक्षात आले. तुला लाज वाटते आहे. अगं वेडे, गरिबीची लाज कसली? तुझ्या आईवडिलांनी कष्ट केले, चोरी केली नाही. पत्र्याच्या घरात वाढलेली मुलगी बसवर झळकणार याचा तुला अभिमान वाटायला हवा. मला तर इतका वाटतो की सोसायटीत सगळ्यांना सांगून झाले. अंतराने छोटी बस ठरवली आहे. आम्ही सतरा बायका आणि दोन आजोबा येणार.

एक मनातले सांगते. एकतीस वर्षांच्या नोकरीत मी काय केले, असे कुणी विचारले तर मी तुझेच नाव घेते. स्टाफरूममध्ये ती बुटांची गोष्ट मी किती वेळा सांगितली असेल! निवृत्तीच्या समारंभातही सांगितली.

तुझ्यासाठी चकल्या पाठवत आहे. डब्यावर नाव आहे, डबा परत हवा.

शुभदाबाई


बाळकुम
२७ ऑक्टोबर २०२५

बाई,

हे पत्र तीन वेळा फाडलंय. आता फाडणार नाही.

आम्ही गरीब नाही आहोत. तेव्हाही नव्हतो.

आमची सात मजल्यांची बिल्डिंग आहे, आजोबांच्या नावाची, परशुराम निवास. मी आठवीत होते तेव्हाही होती. आजोबा नि आजी तरुणपणी मिठागरात राबायचे, ते खरं. पण नंतर शेतजमिनीवर टॉवर आले आणि आमचे दिवस पालटले. पप्पांचा रेती-विटांचा सप्लाय आहे, दारात दोन गाड्या. आजी लुगडं नेसते आणि अनवाणी फिरते कारण तिला तसंच आवडतं. माझ्या मोठ्या भावाने, दिपेशदादाने, आणलेल्या चपला ती देवळात जातानासुद्धा घालत नाही.

'घरचे घेणार नाहीत' हे मी खोटं बोलले नव्हते. पप्पांनी खेळायला साफ नाही सांगितलेलं. "पोरीनी चड्डी घालून उड्या मारायच्या? गावात तोंड दाखवायची सोय ठेव." बस. मग मी घरी ट्यूशन सांगून प्रॅक्टिसला यायचे. बूट मागितले असते तर पकडले गेले असते. तुम्हाला खरं सांगितलं असतं तर तुम्ही पालकांची परवानगी आणा म्हटलं असतं. फॉर्मवर अंगठा द्यायला आजीला मीच पटवलं. तिला सगळं माहीत होतं.

ज्या दिवशी तुम्ही बूट आणलेत ना, त्या दिवशी मी सांगणार होते. तोंड उघडलेलं. पण तुम्ही खाली बसलात आणि स्वतः माझ्या लेस बांधायला लागलात. मग नाही जमलं. त्यानंतर दर वर्षी ते आणखी अवघड होत गेलं. तुम्ही घरी येते म्हणायचात आणि मी काहीतरी कारण काढायचे. अकरावीत पप्पांना कळलं, वर्षभर चिडले, मग गप्प झाले. अजूनपर्यंत माझी एकही मॅच बघायला आलेले नाहीत. तो फोटो मला त्यांच्यासाठीच हवा होता.

परवा शूटिंग झालं. एका वस्तीत घर घेतलेलं, कल्पिता नावाच्या बाईंचं. मला उंबऱ्यावर बसवलं, पायांना माती लावली. कल्पिताताई बाजूला उभ्या होत्या. त्यांनी मला पाणी दिलं आणि हळूच विचारलं, "तू खरंच अशाच घरात राहायचीस? मग माझी पोरगी पण खेळू शकेल ना?" त्यांची मुलगी सात-आठ वर्षांची, नुसती माझ्याकडे टक लावून बघत होती.

बाई, मी उठले. पाय धुतले. साकेतला बाजूला घेऊन सगळं सांगितलं. तो डोक्याला हात लावून बसला. म्हणाला, "हे मला आधी का नाही सांगितलंस? बापाने नाही म्हटलं, ही स्टोरी होत नाही गं, ती घराघरात असते." मी म्हटलं, मग चित्राचं पोस्टर कर. तो म्हणाला, करावंच लागेल.

पोस्टर गेलं त्याचं वाईट वाटतंय, पण झेपेल. तुम्ही निवृत्तीच्या समारंभात ती गोष्ट सांगितली होती, हे वाचल्यापासून मात्र जेवण जात नाही.

तुमचा डबा धुऊन ठेवलाय.

करिश्मा


ठाणे, टीमचं हॉटेल
३ नोव्हेंबर २०२५

बाई,

माझं पत्र पोचलं का? रागावला असाल तर तसं लिहा. नुसतं 'बरं' लिहिलंत तरी चालेल.

करिश्मा


बाळकुम, परशुराम निवास
४ नोव्हेंबर २०२५

चि. करिश्मा,

वरचा पत्ता वाचून दचकू नकोस. तुझ्या घरी, तुझ्याच टेबलाशी बसून लिहिते आहे. तुझी आजी पत्र घेऊन हॉटेलवर येईल.

तुझे पत्र वाचून मी चार दिवस घराबाहेर पडले नाही. अंतराला वाटले, तब्येत बिघडली. तुझा राग आला, पण त्याहून जास्त स्वतःचा. तुला कधी नीट विचारलेच नाही. अनवाणी आजी पाहिली आणि बाकीचे मीच रचले. देणारी होण्यात मला सुख होते गं. ते सुख जाईल म्हणून मी जास्त चौकशी केली नसेल का? या प्रश्नाचे उत्तर मला आवडले नाही. आज सकाळी उठले, साडी बदलली आणि ठाण्याला आले. रिक्षावाल्याला नुसते परशुराम निवास म्हटले, त्याने बरोबर दारात सोडले.

आजींनी मला लगेच ओळखले. हात धरून आत नेले आणि म्हणाल्या, "बाई, मना सगला ठावं व्हता. मारायचं त मना मारा." मग मला हसूच आले. मी कुणाला मारणार!

तुझे वडील दौलतराव घरीच होते. समोर बसले, मान खाली. बोलले ते इतके हळू की मला एक अक्षर ऐकू आले नाही. म्हटले, "मोठ्याने बोला, माझे कान गेलेत." ते थोडे मोठ्याने बोलले. म्हटले, "अजून." शेवटी ते उठून उभे राहिले आणि ओरडलेच, "मीच नको बोल्लो व्हतो, बाई! पोरीला मीच नको बोल्लो व्हतो! चूक माझी हाय!" जिन्यात दोन दारे उघडली. समोरच्या बाई बाहेर येऊन बघू लागल्या. दौलतराव घाम पुसत खाली बसले. मला वाटते, इतकी वर्षे तुझ्याशी जे बोलता आले नाही ते एका बहिऱ्या बाईपुढे सबंध बिल्डिंगला ऐकू जाईल असे बोलून टाकले. त्यानंतर चेहरा एकदम मोकळा झाला त्यांचा. मला जेवायला थांबवून घेतले. जवळ्याची भाकरी होती. मी मासळी खात नाही, हे कळल्यावर वालाची भाजी झाली.

आता तुझ्यापुरते. मी ते बूट मुलगी गरीब आहे म्हणून आणले होते, हे खरे. पण तुझ्या पायांना फोड होते आणि तुझ्याकडे बूट नव्हते, हेही तितकेच खरे. तेव्हा तुला त्यांची गरज होती. मला एवढे पुरे आहे. खोटे बोललीस त्याबद्दल तुला माफ केले, पण घरी येऊ दिले नाहीस त्याबद्दल अजून नाही. इतकी चांगली वालाची भाजी मला अकरा वर्षे उशिरा मिळाली.

साकेतला मी स्वतंत्र पत्र लिहिले आहे की माझी माहिती चुकीची होती.

शनिवारी खेळ. मी येतेच आहे.

शुभदाबाई


ठाणे
१२ नोव्हेंबर २०२५

बाई, नमस्कार.

आजीने पत्र दिलं आणि मी वाचून होईपर्यंत समोरच बसून राहिली. मग म्हणाली, "रडून झाला काय? चल, आता खा." असो.

मॅच तुम्ही बघितलीत, त्यामुळे सत्तावीस पॉइंट्सचं परत सांगत नाही. पण तुम्हाला दिसलं नसेल ते सांगते. पप्पा येणार हे मला कुणीच सांगितलेलं नव्हतं. दुसऱ्या क्वार्टरमध्ये वर बघितलं तर तुमच्या सतरा बायकांच्या मधोमध पप्पा, आणि अनाउन्समेंट तुम्हाला ऐकू येत नाही म्हणून बोटांनी स्कोअर दाखवतायत. त्या गडबडीत माझा एक सोपा पास सुटला. कोच ओरडले. मला काही वाटलं नाही.

मॅच संपल्यावर चित्राभोवती पोरींचा गराडा. मी बाजूला बसून बघत होते. बाई, ती नुसती हसत नाही हो. प्रत्येकीला नाव विचारते, आणि दहा मिनिटांनी तीच पोरगी परत आली तर नावाने हाक मारते. पाय दुखत असताना तासभर उभी होती. मला वाटायचं तिला पोस्टर फुकटात मिळालं. तसं नाही. ती ते काम करते आणि मला ते जमलं नसतं. मी तिला तसं बोलून पण दाखवलं. ती म्हणाली, "तू बास्केट टाकत राहा, मी हात हलवत राहते. दोघी मिळून हॉल भरू."

आणि एक गंमत. माझ्याकडे सेल्फीला फारसं कुणी आलं नाही, पण बाप लोक आले. एक, मग दुसरा, मग पाच-सहा. प्रॅक्टिस किती वाजता सुटते, सोबत कोण असतं, कपडे असेच लागतात का. साकेत लांबून बघत होता. काल त्याने विचारलं, पप्पा कॅमेऱ्यापुढे बोलतील का? माती नाही, पत्रा नाही, आमच्याच घरात. त्या दिवशी ही स्टोरी होत नाही म्हणालेला, त्याबद्दल सॉरी पण म्हणाला. मी पप्पांना विचारलं. पप्पा म्हणाले, "मना काय बोलायचं हाय? नको बोल्लो व्हतो, चुकलो. संपला." साकेत म्हणतो, तेवढंच हवंय.

डबा दिपेशदादाकडून पाठवतेय. आजीने त्यात वाल भरलेत.

करिश्मा


ठाकुर्ली
९ डिसेंबर २०२५

चि. करिश्मा हिस अनेक आशीर्वाद.

डोंबिवली स्टेशनच्या पुलावर चित्राचे पोस्टर लागले आहे. मी थांबून नीट पाहिले. मुलीकडे बघून बरे वाटते, हे कबूल करते. आमच्या रतनची आठवण झाली, आणि या वेळी राग आला नाही.

दौलतरावांची ती अर्ध्या मिनिटाची फिल्म अंतराने मोबाइलवर दाखवली. खाली शब्द लिहिलेले असतात, त्यामुळे मला कळली. ते शर्टाच्या बटणाशी चाळा करत बोलतात ते मला फार आवडले. पंधरा दिवसांपूर्वी इथल्या मैदानावर मी सहज फिरायला गेले, तर दोन गृहस्थ आपापल्या मुलींना घेऊन उभे. शिकवाल का, विचारत होते. मी म्हटले, माझे वय अडुसष्ट. एक म्हणाले, "बाई, तुम्ही खुर्चीत बसा, पण या." मी खुर्चीत बसले नाही. आज अकरा मुली झाल्या आहेत.

कल्पिताबाईंची मुलगी अजून आलेली नाही. त्यांचा पत्ता साकेतकडून घे आणि तू स्वतः जा. पत्र्याच्या घरातल्या मुलीची गोष्ट तुझी नव्हती, तिची आहे.

फायनलला कल्याणला येते. मला जवळ आहे.

शुभदाबाई


बाळकुम
२२ डिसेंबर २०२५

बाई, नमस्कार.

दोन पॉइंट्सनी हरलो, ते तुम्ही बघितलंच. तुम्ही निघाल्यावर चित्रा माझ्या खांद्यावर डोकं ठेवून रडली आणि कॅमेरा आल्यावर डोळे पुसून हसली. साकेतने तिथेच सांगितलं, स्पॉन्सरने पुढच्या दोन वर्षांची सही केली. मग आम्ही परत रडलो, या वेळी सगळ्याच.

कल्पिताताईंकडे मी गेलेले. मुलीचं नाव समृद्धी. घरात कुणी नाही म्हणणारं नाहीये, फक्त ने-आण करायला कुणी नाही. दर रविवारी मी तिला घेऊन ठाकुर्लीला येईन. बारावी मुलगी लिहून ठेवा.

आता घरी येतानाचं सांगते. गाडीत मी पुढे बसलेले, पप्पा चालवत होते. कल्याण सुटलं, कोनगाव गेलं, पप्पा एक शब्द बोलले नाहीत. मला वाटलं, हरलो म्हणून गप्प आहेत. कशेळीचा पूल आला, ऊन उतरलेलं, खाडी चकाकत होती. तेव्हा एकदम म्हणाले, "तिसऱ्या क्वार्टरला तू सारखी डावीकडनंच का जात व्हतीस? त्या उंच पोरीला तुझा डाव कलला व्हता. उजवीकडं मोकली जागा व्हती सगली."

मी म्हटलं, उजवीकडे त्यांची डबल टीम होती, दोघी एकदम अंगावर यायच्या. ते म्हणाले, नव्हती. मी म्हटलं, पप्पा, तुम्हाला डबल टीम म्हणजे काय माहितीये का? ते म्हणाले, "यूट्यूबला बघितलाय मी, शिकवू नको." बाळकुम नाक्यापर्यंत भांडलो. बिल्डिंगखाली गाडी बंद केली आणि गाडीतच बसून भांडलो. त्यांनी डॅशबोर्डवरच्या पावत्या, चाव्या, पाण्याची बाटली मांडून मला कोण कुठे उभं होतं ते दाखवलं. आजी गॅलरीतून ओरडत होती, वरती या, भाकऱ्या निवल्या. कुणी उठेना.

वर आल्यावर मी व्हिडिओ लावून बघितला. उजवीकडे खरंच मोकळी जागा होती, बाई. त्यांना अजून सांगितलेलं नाही.

तुमची,
करिश्मा